कार्डाची मागची बाजू

‘द बेसबॉल प्रोजेक्ट’ हा अमेरिकन रॉक बँड २००८च्या पहिल्या अल्बमपासून बेसबॉलवरच गातो आहे. त्याच्या गौरवार्थ संग्राह्य कार्डं काढायची, तर पुढे वादकांचे चेहरे आणि मागे अल्बमांची यादी एवढ्यावर भागवणं म्हणजे गाणी न ऐकताच केलेला सत्कार.

२६ मे १९५९ रोजी पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सनं बारा इनिंग्जमध्ये ओळीनं ३६ फलंदाज बाद केले. तेराव्यात सामना ०-१ असा गमावला. १९९१मध्ये व्याख्या बदलली आणि एकही हिट न दिलेल्या सामन्यांच्या अधिकृत यादीतून त्याची कामगिरी गळली. बँडचं गाणं म्हणतं, त्याला मानाच्या यादीत घ्या.

कार्डाच्या मागे आकडेच असतात, असं कोणी म्हणेल. असू देत. पण यादीत कोण बसणार हे आकडे नव्हे, व्याख्या ठरवते. आणि व्याख्या माणसंच लिहितात. अनुवादकाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

तेव्हा एक कार्ड हॅडिक्सचं काढा. मागे छापा : १२ इनिंग्ज, ३६ बाद, पराभव. फक्त मोजक्या प्रती काढून ते दुर्मीळ करू नका. यादीतून वगळलेला माणूस पुन्हा तिजोरीत कशाला कोंडायचा?