जुने म्हणजे धोक्याचे? गिरगाव ते परळ: एका समजुतीचा इतिहास

१/ दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडा मुंबईतील अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. यादी निघाली की एक निष्कर्षही फिरू लागतो: गिरगाव, डोंगरी, लालबाग, परळ म्हणजे मरणाचे सापळे, बेताच्या पगारावर शहरात आलेल्या तरुणाने दूरच्या उपनगरातील नवी इमारत गाठावी. चाळीच्या आठवणींवर पोसलेला दुसरा पक्ष याच्या नेमके उलट सांगतो: जुनी वस्ती स्वस्त, आपुलकीची आणि म्हणून निर्धोक.

२/ दोन्ही पक्ष इतिहासाचे दाखले देतात. इतिहास मात्र दोघांच्याही बाजूने उभा राहत नाही. जुन्या वस्तीची सुरक्षितता आणि स्वस्ताई तिच्या वयातून येत नाही. ती कायद्यातून, दुरुस्तीच्या पैशातून आणि ‘आपला कोण’ या हिशेबातून घडते आणि त्यांच्यामुळेच मोडते. घर निवडणाऱ्याने वास्तूच्या वयापेक्षा हा हिशेब वाचायला हवा.

३/ ‘जुने म्हणजे घातक’ या समजुतीला सरकारी शिक्का मिळाला तो प्लेगच्या काळात. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. रोग कोंदट हवेतून आणि घाणीतून उपजतो, हा त्या वेळचा प्रबळ समज. त्यानुसार घरे तपासली गेली आणि अनेकांच्या दारांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. अर्थ होता, मनुष्यवस्तीस अयोग्य.

४/ १८९८मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. समुद्राची हवा आत आली की रोग जाईल, ही त्यामागची कल्पना. त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ यांनी प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो असे मांडले. पुढे ते सिद्ध झाले, तोवर पाडापाडी बरीच पुढे गेली होती.

५/ पाडलेल्या घरांतील माणसे कुठे गेली? ट्रस्टने सुरुवातीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या उभारल्या नाहीत. विस्थापित झालेले गरीब कामाच्या जागेपासून दूर जाऊ शकत नव्हते. ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले. ‘धोकादायक’ ठरवलेली गर्दी संपली नाही. तिने पत्ता बदलला. पर्यायी घराची सोय न करता लावलेले लेबल धोका वाढवते, हा मुंबईचा पहिला धडा आहे.

६/ दुसरा धडा बीडीडी चाळींचा. १९२०मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि त्यावर तीन मजले, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. राहण्याच्या दृष्टीने त्या अपुऱ्याच होत्या. पण काँक्रीटच्या या इमारतींनी जवळजवळ शतकभर पिढ्या सांभाळल्या. गैरसोय आणि कोसळण्याचा धोका या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘जुनी’ या एका शब्दात त्यांची सरमिसळ होते.

७/ मग जुन्या इमारती खचल्या कशाने? १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधले. महायुद्धानंतरच्या, फाळणीच्या आणि घरटंचाईच्या काळात लाखो कुटुंबांचे छप्पर या कायद्याने वाचवले, हे त्याच्या टीकाकारांनी विसरू नये. परंतु भाडे गोठले आणि सिमेंट, लाकूड, मजुरी महागत गेली. मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूने ती अंगावर घेतली नाही, कारण भिंत त्याची नव्हती.

८/ ही पोकळी भरण्यासाठी १९६९मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा झाला. त्यानुसार उपकर बसला आणि इमारतींचे तीन वर्ग पडले: १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या ‘अ’, १९५०अखेरपर्यंतच्या ‘ब’ आणि ३० सप्टेंबर १९६९पर्यंतच्या ‘क’. सुमारे साडेएकोणीस हजार इमारती या व्यवस्थेत आल्या. मात्र दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा होती, आणि जिथे गरज सर्वांत मोठी तिथेच मर्यादा आधी संपत होती.

९/ १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ३३(७) ने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र दिले. हेतू भाडेकरूंना नवे घर देण्याचा. परिणामी जमिनीची किंमत इमारतीच्या मृत्यूशी जोडली गेली. जी वास्तू पाडल्यावर पैसा देते, तिची गळती कोण थांबवेल? ‘जुने म्हणजे धोकादायक’ ही घोषणा कोणाच्या सोयीची आहे, हे इथे स्पष्ट होते.

१०/ दुर्घटनांची नोंदही वयाचा सिद्धान्त मान्य करत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजार परिसरातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले. ती खरोखर जुनी होती आणि धोकादायक म्हणून आधीच नोंदलेली होती. पण त्याच वर्षी जुलैमध्ये घाटकोपरची सिद्धिसाई इमारत पडली आणि १७ जण दगावले. ती चार दशकांचीही नव्हती आणि तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्रा परिसरात बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मेले. २०२०मध्ये महाडला पडलेली इमारत जेमतेम दशकभराची होती.

११/ आता आठवणींच्या पक्षाकडे. जुन्या मुंबईत नवख्या माणसाला परवडणारा आसरा मिळे, हे खरे. कोकणातील गावकी मंडळांच्या सामाईक खोल्या होत्या. धोबीतलाव आणि माझगाव भागांत गोव्याच्या गावांचे ‘कूड’ होते, जिथे बोटीवर काम शोधणारा तरुण नाममात्र पैशांत पथारी टाकी. गिरणगावात बायका चालवत त्या खाणावळी होत्या. पण या आसऱ्याचे दार गाव, जात किंवा धर्म सांगितल्यावर उघडे. ही स्वस्ताई सभासदांपुरती होती.

१२/ म्हणून ‘सुरक्षित’ या शब्दापुढे ‘कोणासाठी’ हा प्रश्न लावलाच पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दीर्घ काळ राहिले. उच्चशिक्षण घेऊन नोकरीसाठी बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना जातीमुळे भाड्याचे घर मिळाले नाही. ज्या पारशी धर्मशाळेत ते उतरले, तिथूनही त्यांना हुसकावण्यात आले. त्या धर्मशाळेच्या भिंती भक्कमच असतील. आडनाव, आहार, धर्म किंवा एकटी स्त्री असणे पाहून खोली नाकारणारी आजची सोसायटी त्याच परंपरेत बसते. गॅलरीतील ज्या नजरा एकाला आधार देतात, त्याच दुसऱ्यावर पहारा ठेवतात.

१३/ स्वस्ताईचेही तसेच. शे-दोनशे रुपये भाड्याच्या कथा पागडीच्या जुन्या भाडेकरूंच्या आहेत. नवा माणूस ‘लिव्ह अँड लायसन्स’वर येतो आणि बाजारभाव मोजतो. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली. परंतु मालकाच्या संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे हे बेदखलीचे कारण ठरते. पागडीच्या खोलीत कागदाविना स्वस्तात शिरलेला तरुण दुसऱ्याच्या हक्काच्या भरवशावर झोपतो.

१४/ तेव्हा जुन्या वस्तीत घर पाहणाऱ्याने इमारतीला सनावळीपलीकडचे प्रश्न विचारावेत. तीस वर्षांवरील इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार लागणारे संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र आहे काय? शेवटची मोठी दुरुस्ती केव्हा आणि कोणाच्या पैशाने झाली? तळमजल्यावरच्या दुकानासाठी भिंत किंवा खांब तोडला आहे काय? घरगल्लीत पाणी साचून पाया भिजतो काय? यंदाच्या यादीत नाव आहे काय? करारनामा नोंदणीकृत होणार काय?

१५/ या प्रश्नांची सरळ उत्तरे देणारी नव्वद वर्षांची चाळ, ती टाळणाऱ्या नऊ वर्षांच्या इमारतीपेक्षा राहण्यास योग्य आहे. प्लेगच्या अधिकाऱ्यांनी दारावर अक्षरे रंगवली आणि उंदीर शेजारच्या गल्लीत मोकळे राहिले. सव्वाशे वर्षांनंतर वस्तीच्या नावावरून घर बाद करणारा, किंवा तेवढ्यावरूनच पसंत करणारा, तीच चूक नव्या रंगाने रंगवत आहे.