पत्र्याच्या पेटीतील दप्तर

राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांतील जुनी दप्तरे धुंडाळली आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. या उद्योगाचे गोडवे गाताना आमचे विद्वान थकत नाहीत. मग चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीसारख्या वस्तीतील पत्र्याच्या पेटीपाशी येताच त्यांचे पाय का अडखळतात? सभेची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, जलशाच्या वह्या हे दप्तर नव्हे काय? वस्तीचा पुनर्विकास ठरला की भांडी टेम्पोत चढतात आणि कागद रद्दीत जातात.

ऐकीव गोष्टींस इतिहास कसे म्हणावे, असा आक्षेप घेतात. (बखरकारांस आम्ही किती सूट देतो, ते येथे उगाळीत नाही.) आक्षेपकांनी महाडचा दावा आठवावा. चवदार तळ्यावर अस्पृश्यांस मज्जाव करण्याची रूढी अनादि आहे, असे सवर्ण वादींचे म्हणणे होते. ते सिद्ध झाले नाही, असा निकाल मुंबईच्या उच्च न्यायालयाने 1937 साली दिला. म्हणजे तोंडी सांगणेही तपासता येते. तपासण्याचे कष्ट नकोत म्हणून साक्षीदारासच दाराबाहेर ठेवणे हा कोठला न्याय? उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. दोघींस जे सुचले ते विद्यापीठांस सुचू नये?

चळवळीचे पुढारीही या दोषातून सुटत नाहीत. पुतळ्यासाठी वर्गणी निघते, वह्यांच्या कपाटासाठी निघत नाही. जून 2016 मध्ये दादरचे आंबेडकर भवन व तेथील बुद्धभूषण छापखाना पाडला गेला, तेव्हा प्रचंड मोर्चा निघाला; तो निघालाच पाहिजे होता. पण मोर्चाहून परतल्यावर कितीजणांनी आपल्या घरची पेटी उघडली?

शेजारी घाटकोपरच्या रमाबाई नगरात 11 जुलै 1997 रोजी पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मेली. ती सकाळ पाहिलेली तरणी माणसे आता वार्धक्याकडे झुकली आहेत.

वस्तीच्या विहारातच कपाट असावे. मूळ कागद तेथेच राहावा, विद्यापीठाने नक्कल न्यावी. सांगणाराची संमती घ्यावी, तारीख नोंदवावी. ज्यास नाव नको त्याचे झाकावे. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था येथून लांब नाही. तिच्या विद्यार्थ्यांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन येण्यास पावसाळा सरण्याचीही वाट पाहू नये.