आधी वरचा, मग खालचा

रविवारी सकाळी साडेदहा वाजता शहाणी माणसं काय करतात? डोशासाठी नंबर लावतात, नाहीतर सरळ झोपून राहतात. मी मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या चादरीवर उताणा पडलो होतो. नाकापासून वीतभर अंतरावर माझ्या जिप्सीचं मागचं डिफरन्शियल, कानाशी एक घमेलं आणि घमेल्यात दीडेक लिटर कोल्ड कॉफी.

कोल्ड कॉफी म्हणजे गिअर ऑइल हो. ते खरं तर मधासारखं दिसायला हवं. माझं दुधाळ झालं होतं, कारण आदल्या शनिवारी ताम्हिणीच्या बाजूला एका ओढ्यात मी हिरोगिरी केली होती. दोन तास पळून आलेली गाडी, तापलेलं डिफ, आणि तशीच घातली थंडगार पाण्यात. असं झालं की आतली गरम हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून, जिथून जमेल तिथून पाणी आत ओढून घेते. मग गिअर ते पाणी आणि तेल मस्त घुसळतात. हे शास्त्र मला ओढ्यानंतर कळलं. ओढ्यात मी फक्त व्हिडिओ नीट येतोय ना, एवढंच बघत होतो.

जिप्सी का घेतली, हा प्रश्न बायको, आई आणि बँक या तिघांनी विचारून झालाय. १९८५ मध्ये बाजारात आलेली गाडी, चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा, पाठीच्या मणक्यांची काहीही फिकीर नाही. नवी आता मिळतही नाही. पण लहानपणी जिप्सीतून उतरणारा माणूस म्हणजे कोणीतरी भारी, हे डोक्यात एकदा बसलं ते बसलं. मग एक दिवस बोनस आला आणि सेकंडहँड का होईना, मीही भारी झालो.

तर डिफला दोन प्लग असतात. एक वरच्या अंगाला, तेल भरायचा. एक तळाला, तेल सोडायचा. मी खालचा काढला. लोण्यासारखा निघाला. कुजकी अंडी आणि फटाके यांच्या मधला कुठलातरी वास सुटला (गिअर ऑइलमध्ये गंधक असतं, घाबरू नका), घमेलं भरलं, मी खूश. खालचा प्लग पुसून परत लावला आणि वरच्याला पाना घातला.

हलेना.

हा प्लग मूळचा नव्हताच. आधीच्या मालकाने कुठल्या गाडीचा आणून बसवला होता देव जाणे, आणि बसवताना बहुधा राग काढला होता. मी पान्याला पाइप लावला. पाइपवर पाय दिला. गाडीखाली झोपून, वरून हात घालून, प्लग न बघता मी जोर लावत होतो. आता प्लगच्या डोक्याकडे तोंड करून बघितलं तर डावीकडे फिरवायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मागून हात घातला की डावं-उजवं उलटं होतं, आणि इंजिनीअरिंगची डिग्री त्यात काहीही मदत करत नाही. पाच मिनिटं मी प्लग इमानेइतबारे आवळत होतो. चूक कळल्यावर उलट्या बाजूने दुप्पट जोर काढला. कर्रर्र असा आवाज आला. वाटलं, सुटला! बाहेर काढून बघतो तर पाना फिरला होता, प्लग जागेवरच होता. सहा कोपऱ्यांचा प्लग बेसनाच्या लाडवाइतका गोल झाला होता.

आता गंमत बघा. डिफ रिकामं आणि भरायचं भोक बंद. गाडी चालवायची नाही, हे तर उघड आहे. फोर व्हील ड्राइव्ह आहे, मग मागचा प्रॉपेलर शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर गॅरेजपर्यंत नेऊ, हे डोकंही मी चालवलं. पण मागची चाकं रस्त्यावर फिरली की मागच्या डिफमधले गिअर फिरणारच, इंजिन त्यांना जोडलेलं असो वा नसो. म्हणजे टोइंगसुद्धा गाडी अख्खी उचलून. गॅरेजवाल्याचा फोन बंद. टोइंगवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी "विचार करून सांगतो" म्हणालो.

"अरे, बाबांना विचार ना," बायको बाल्कनीतून म्हणाली.

"नको."

हे 'नको' जरा सांगावं लागेल. बाबा एस. टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. एकतीस वर्षं. आमच्या घरी मिक्सर, गिझर, शेजाऱ्यांची स्कूटर, काहीही बिघडलं तरी बाहेरचा माणूस कधी आला नाही. टॉर्च धरायचं काम माझं. "इकडे मार. अरे इकडे, माझ्या तोंडावर नाही!" हे माझं बालपण.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स असं नाव सांगितलं आणि गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून आम्ही कप अर्धाच भरतो. बल्ब बदलायला वॉचमनला बोलावतो. कोणी ठरवून केलं नाही, पण घरातलं एकेक काम त्यांच्यापर्यंत पोहोचेनासं झालं. त्यांनीही कधी विषय काढला नाही. जिप्सी आली तेव्हा खाली येऊन एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि "बरी आहे" म्हणून वर गेले. मीही त्यांना काही विचारलं नाही. विचारलं आणि जमलं नाही तर? त्यापेक्षा न विचारणं मला सोपं वाटत होतं.

पण लिफ्टचं दार वाजलं आणि बाबाच आले. हातात टॉर्च.

वाकून बघितलं. "आधी कुठला काढलास?"

"खालचा."

"हं."

बास. एस. टी.च्या कुठल्याही शिवीपेक्षा हा 'हं' जोरात लागला. मग म्हणाले, "वरचा निघत नसेल आणि तेल आतच असेल, तर गाडी निदान चालते. आधी वरचा काढायचा. तो निघाला तरच खालच्याला हात लावायचा. आणि हा पाना आण बघू." माझा चकचकीत रिंग पाना त्यांनी उजेडात धरला. "बाराकोनी. घट्ट प्लगला हा लावतात का? कोपऱ्यावर चालतो हा. सहाकोनी सॉकेट लावलं असतंस तर सपाट बाजूंवर बसलं असतं."

मग त्यांनी चार्ज घेतला. चाकांना विटा लावल्या का, हॅण्डब्रेक आहे का. गंज सोडवायचा स्प्रे प्लगच्या कडेने मारायला लावला, हातोडीने डोक्यावर सरळ चार-पाच टोले मारायला लावले ("फिरवायला नाही रे, गंजाची पकड मोडायला"), आणि म्हणाले, "आता जेवायला चल. ह्याला वेळ लागतो." दोन तासांत तीन वेळा स्प्रे. मी मध्येच नट वेल्ड करायची आयडिया काढली, इंटरनेटवर सगळे तेच करतात. गोल झालेल्या डोक्यावर नट वेल्ड करायचा, पकडही मिळते आणि उष्णतेने गंजही सुटतो. बाबांनी टॉर्च फक्त थोडा मागे सरकवला. पेट्रोलची टाकी. मी गप्प बसलो.

"माळ्यावर खाकी पिशवी आहे. छिन्नी काढ."

छिन्नीचं डोकं वर्षानुवर्षं मार खाऊन छत्रीसारखं पसरलं होतं. त्याच्या कडा कानशीने घासल्याशिवाय त्यांनी हातोडा उचलू दिला नाही, कारण तिथून उडालेला तुकडा सरळ डोळ्यात जातो. गॉगल घरात एकच सापडला, तो मी त्यांना चढवला. मी बाइकचं हेल्मेट घातलं. खालून जाणारी दोन मुलं थांबून बघायला लागली.

पद्धत सांगायला सोपी आहे. प्लगच्या कडेजवळ छिन्नीने आधी सरळ एक खाच पाडायची. मग त्या खाचेत छिन्नी तिरकी धरायची आणि प्लग डावीकडे ढकलला जाईल असा घाव घालायचा. पाना नुसता जोर लावतो, छिन्नी धक्का देते, आणि अडकलेला प्लग बरेचदा धक्क्याला सुटतो. हाऊसिंगच्या आट्यांना मात्र छिन्नीचं टोक लागता कामा नये.

खाच मी पाडली. पण आडवं पडून एका हातात छिन्नी आणि दुसऱ्यात हातोडा, हे काही जमेना. दुसऱ्या घावाला छिन्नी सटकली, तिसरा अंगठ्यावर बसला.

"सरक. मी धरतो, तू मार."

ते माझ्या शेजारी चादरीवर आडवे झाले. वय एकाहत्तर. उजव्या हाताने छिन्नी धरली आणि टोक खाचेभोवती नाचायला लागलं. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट दाबून धरलं. टोक खाचेत बसलं. थरथर कमी झाली, थांबली नाही. आणि मी हातोडा उचलून तसाच.

"मार ना."

"बाबा, तुमच्या हातावर बसला तर..."

"वर्कशॉपात एक धरायचा, एक मारायचा. धरणाऱ्याने हातोड्याकडे बघायचं नाही आणि मारणाऱ्याने हाताकडे. तू छिन्नीच्या डोक्याकडे बघ."

मी मारला.

"हा कीबोर्ड आहे का?"

पुढचा जरा बरा बसला. टण्. अजून एक. टण्. चौथ्या घावाला मी खरंच हाताकडे बघितलं नाही. ठप्प असा आवाज आला, आणि आम्हा दोघांनाही कळलं. टॉर्चच्या उजेडात प्लगभोवतीच्या गंजाला केसाएवढी चीर दिसत होती. अजून पाच-सहा घाव, मग पाइप रेंच, मग चक्क बोटांनी.

प्लग बाबांनी खिशात टाकला. आटे शाबूत होते, वायर ब्रशने भागलं. अर्धा लिटर स्वस्तातलं तेल घालून, खालून सोडून आतला गाळ धुतला. करडी बारीक पेस्ट निघाली ती चालते म्हणे, चकाकणारे तुकडे निघाले असते तर खर्च होता. सोमवारी ऑफिसमधून हाफ डे टाकून नाना पेठेतून नवा प्लग आणि तांब्याचे वायसर आणले. दोन्ही मिळून मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नपेक्षा स्वस्त पडले. मेलेलं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दिलं, गटारात नाही. पार्किंगमध्ये पडलेल्या डागाबद्दल चेअरमनची नोटीस आली आहे, ती वेगळी.

सोमवारी रात्री तेल भरलं. वरच्या भोकातून बाहेर यायला लागलं की लेव्हल झाली, एवढं सोपं असतं ते. तरी बाबांनी बोट घालून बघितलंच. बोट आत स्थिर होईपर्यंत आम्ही दोघं काही न बोलता थांबलो.

"आलं," ते म्हणाले. "लाव प्लग. आणि पाइप न लावता आवळ."

पुढच्या डिफचं तेल या रविवारी बदलायचंय. त्याच्या वरच्या प्लगला मी काल सहाकोनी सॉकेट लावून बघितलं, डोक्याकडे तोंड करून, डावीकडे. हलला नाही. खालच्याला हात न लावता वर येऊन बाबांना सांगितलं.

"छान," ते म्हणाले आणि पिशवी माळ्यावर परत ठेवली नव्हतीच, ती पलंगाखालून ओढली.