आमच्या ओळी कोण तोडतो?

दोस्तांनो, आपल्यातले पुष्कळजण आता स्वतःच्या खिशातून कवितासंग्रह काढतायत. बरं आहे. प्रकाशकाच्या दारात वर्षं काढण्यापेक्षा भिशी लावून, पगारातनं कापून छापलेलं पुस्तक केव्हाही सरस. पण मुखपृष्ठासाठी आपण चित्रकार शोधतो, प्रस्तावनेसाठी दहा हेलपाटे घालतो, आणि आतली पानं मात्र डीटीपीवाल्याच्या हवाली करून मोकळे होतो. वर पुन्हा म्हणतो, मजकूर महत्त्वाचा, मांडणीबिंडणी हे पांढरपेशांचे चोचले. मला हे साफ नामंजूर आहे.

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. होल्डात माल लावायला रीत असते. जड खाली, हलकं वर, मधे पोकळी नाही, बांधाबांध पक्की. कसाही कोंबला तर भर दर्यात माल सरकतो नि जहाज कलतं. तिथं कुणी म्हणत नाही की माल महत्त्वाचा, रचना चोचले. मग कवितेलाच का म्हणता?

आपण मुक्तछंदात लिहितो. वृत्त नाही, यमक नाही. हातात आहे ती फक्त ओळ. कुठं तोडायची, कुठं दम घ्यायचा, कुठं रिकामी जागा सोडायची, एवढंच आपलं हत्यार. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच. बांधणीत आतली बाजू दाबली जाते, म्हणून तिकडं पाऊण इंच सोडा, बाहेर अर्धा. उरले सव्वाचार इंच. तुमची लांब ओळ त्यात मावली नाही तर तिचं शेपूट खाली पडतं आणि वाचणाऱ्याला ती नवी ओळ वाटते. ते शेपूट आत सरकवून लावायला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तुमची कविता दुसऱ्यानं लिहिली असं समजा. कुणी ती मधोमध लावतो, की झाली लग्नपत्रिका. कुणी दोन्ही कडा सरळ करायला शब्द ताणतो, तिथं ओळीचा दमच जातो.

मग येतो पैशाचा हिशेब. ऑफसेटवर १६ पानांचा एक फर्मा. ८० पानं म्हणजे ५ फर्मे. ८३ झाली की ३ पानांसाठी पुढचा फर्मा, निदान अर्धा, चढतो. खर्च नको म्हणून कुणी तरी टाइप बारीक करतो, दोन कविता एका पानावर ढकलतो, कडव्यामधली मोकळी जागा खातो. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. १२ पॉइंटाच्या अक्षराला १८ पॉइंटाची ओळ दिली तर ते सुखानं नांदतात. दाबलं की एकमेकांच्या अंगावर चढतात. आपलं पुस्तक पाळीवरून आलेला माणूस मिणमिणत्या दिव्याखाली वाचतो, हे विसरू नका. फर्मा वाचवायचाच तर कविता कमी करा. मोकळी जागा कापू नका.

आता फाँटचं. तुम्ही मोबाइलवर युनिकोडात लिहिता. पुष्कळ ठिकाणी अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात पानं लावतात. त्या बदलाबदलीत पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातला माणूस समुद्रात!

आणि सगळ्यात वाईट म्हणजे शुद्ध करणं. एका मुद्रितशोधकानं माझ्या कवितेतल्या म्हातारीच्या तोंडचं 'व्हता' खोडून 'होता' केलं, 'न्हाई'चं 'नाही' केलं. न विचारता. म्हातारीला शाळेत घातली! यंत्रही हेच करतं, आपल्या शब्दाखाली लाल रेघ ओढतं. पण दोस्तांनो, इथं आपलंही काम आहे. सगळं पुस्तक चुकांनी भरलेलं असेल तर माझा 'व्हता' मुद्दाम आहे की घसरलेला आहे, हे वाचणाऱ्यानं ओळखायचं कसं? आपली बोली ताठ उभी राहायला बाकीचं पान स्वच्छ लागतं.

'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' आठवा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला भाषणातला मजकूर झेपेना. त्यांना बदल हवे होते. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. स्वल्पविरामासाठी व्यासपीठ सोडणाऱ्या माणसाचं नाव आपण घेतो, आणि आपल्या ओळी कोण कुठं तोडतो ते बघत नाही?

तेव्हा एवढं करा. मुद्दाम ठेवायच्या शब्दांची यादी हस्तलिखितासोबत द्या. पानाच्या शेवटी कडवं संपत असेल तर तशी खूण करा, नाहीतर ते तुटलंय की चालू आहे हे कळत नाही. छपाईला जायच्या आधी पुस्तकाच्याच आकाराची पानं काढून, दुमडून, मोठ्यानं वाचा. डीटीपीवाल्याच्या शेजारी बसा. तोही आपल्यासारखाच पानामागे पैसे घेणारा कामगार आहे, त्याच्यावर गुरगुरू नका, त्याला समजावून सांगा. आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणाला देऊ नका. आणि १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला नि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. पाठवा. तुम्ही स्वतः छापलंत, म्हणजे प्रकाशक तुम्हीच.

उद्या तिथल्या कपाटात कुणी ते पान उघडेल तेव्हा खुलासा करायला आपण नसू. पान म्हणेल तेच आपलं म्हणणं. म्हणून ते पान दुसऱ्याच्या मर्जीवर सोडू नका.

जयभीम.