वाटखूण

पृथ्वीच्या पाठीवरील कोणतेही स्थळ दोन संख्यांनी दाखविता येते, हे आपण भूगोलाच्या तासाला शिकतो. अक्षांश आणि रेखांश यांच्या व्याख्या पाठ होतात, परीक्षेत त्यांना गुणही मिळतात आणि पुढे बहुतेकांचा या संख्यांशी काही संबंध उरत नाही. अलीकडे मात्र हातात मावणाऱ्या एका यंत्रामुळे त्या पुस्तकातून उठून रानावनात आल्या आहेत. या यंत्रास जी.पी.एस. म्हणतात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या आपल्या उपनगरांतून दर पावसाळ्यात जे तरुण सह्याद्रीकडे निघतात, त्यांच्यापैकी काहींच्या कमरपट्ट्याला ते लटकलेले दिसते. जेथे जावयाचे तेथील अक्षांश-रेखांश त्यात आधी भरून ठेवावयाचे आणि मग पडद्यावरील बाणाच्या रोखाने चालावयाचे, अशी त्याची रीत आहे. भरून ठेवलेल्या अशा स्थळाला वेपॉइंट हा इंग्रजी शब्द रूढ आहे; मी त्याला वाटखूण म्हणतो. ही वाटखूण यंत्रात कशी भरावी, हा प्रश्न कोणाला क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

या यंत्राच्या आधाराने खेळावयाचा जिओकॅशिंग नावाचा एक खेळही निघाला आहे. एकाने एखादी डबी कोठेतरी लपवावयाची, तीत एक लहानशी वही ठेवावयाची आणि त्या जागेचे आकडे जाहीर करावयाचे. दुसऱ्याने ते आकडे आपल्या यंत्रात भरून डबी हुडकावयाची, वहीत नाव लिहावयाचे आणि डबी होती तशी ठेवून परतावयाचे. ज्या उपग्रहांवर हा खेळ चालतो, ते अमेरिकेने मूळ सैन्याच्या उपयोगासाठी सोडलेले. नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत पूर्वी हेतुपुरस्सर अशुद्धता मिसळलेली असे आणि त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. २ मे २००० रोजी ही अशुद्धता काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर या गृहस्थांनी रानात एक बादली ठेवून तिचे आकडे प्रसिद्ध केले, आणि खेळ सुरू झाला.

या यंत्राविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. आपण कोठे आहोत हे वरच्या उपग्रहाला ठाऊक असते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः उपग्रहाला आपला पत्ताही नसतो. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून तो केवळ स्वतःची जागा आणि अचूक वेळ सांगत असतो; आपले यंत्र ते ऐकते. निदान चार उपग्रहांचे बोलणे ऐकू आले, म्हणजे प्रत्येकाचा संकेत येण्यास किती वेळ लागला यावरून ते आपली जागा गणिताने काढते. हा हिशेब किती नाजूक आहे पाहा. संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणून वेळेत एका सेकंदाच्या दहालक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरांची चूक होते. भारतानेही २०१३ पासून नाविक ही आपली स्वतंत्र उपग्रहमाला उभारण्यास प्रारंभ केला, तिचेही तत्त्व हेच. एवढी सूक्ष्म यंत्रणा डोक्यावर फिरत असता आपण भरलेला आकडाच चुकीचा असला, तर ती बिचारी काय करणार? ती तितक्याच सूक्ष्मपणे आपल्याला भलत्या ठिकाणी नेऊन सोडते.

आकडा कसा चुकतो हे उदाहरणानेच पाहिले पाहिजे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी साधारणपणे उत्तर १९ अंश १२.३५ मिनिटे आणि पूर्व ७२ अंश ५४.४१ मिनिटे येथे आहेत. या खेळात आकडे असेच, म्हणजे अंश आणि दशांश चिन्हासह मिनिटे या रूपात लिहिण्याचा परिपाठ आहे. पंचांगकर्ते ज्याला कला म्हणतात तेच हे मिनिट, आणि त्याचा साठावा भाग ती विकला किंवा सेकंद. आता १२.३५ मिनिटे म्हणजे १२ मिनिटे २१ सेकंद. परंतु घाईत असणारा मनुष्य ते १२ मिनिटे ३५ सेकंद असे वाचतो. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर सुमारे ३१ मीटर भरतो. रेखांशातही तीच चूक झाली, तर वाटखूण लेण्यांपासून सहाशे मीटरांहून अधिक दूर, ईशान्येच्या रानात जाऊन पडते. त्याच जागेचा अक्षांश नुसत्या अंशांत लिहिला, तर तो सुमारे १९.२० असा येतो. हे कोणी १९ अंश २० मिनिटे असे भरले, तर तो चौदा किलोमीटरांहून अधिक उत्तरेस, खाडी ओलांडून वसई तालुक्यात पोहोचतो. आणि दोन्ही संख्यांची अदलाबदल झाली तर? उत्तर ७२, पूर्व १९ हे स्थान नॉर्वेतील ट्रॉम्सो शहराच्याही उत्तरेस समुद्रात आहे. यंत्र तेही निमूटपणे स्वीकारते. तेथवरचे हजारो किलोमीटर अंतर सांगते आणि बाण दाखविते. त्याला हसू येत नाही.

आमच्या शाळेतील निसर्गमंडळाची मुले एकदा कान्हेरीस गेली असता मी दोन तुकड्यांना एकच चिठ्ठी दिली होती. पायऱ्यांपाशी पोहोचल्यावर एका तुकडीचे यंत्र पंधरा मीटर अंतर दाखवीत होते आणि दुसरीचे सहाशेच्या वर. दुसऱ्या तुकडीतील मुलगे बाणाकडे पाहून रानाकडे वळूही लागले होते. तेव्हा त्यांच्यातीलच एका मुलीने विचारले, “सर, लेणी तर समोर दिसताहेत. मग हे यंत्र आपल्याला पुढे का पाठवतंय?” दोष कोठे झाला ते मुलांनीच शोधून काढले. मी फक्त चिठ्ठी पुन्हा वाचावयास सांगितली.

पुष्कळ जण म्हणतात की, आता आकडे हाताने भरण्याची आवश्यकताच काय? संगणकाला तार जोडली की शेकडो वाटखुणा एका क्षणात यंत्रात उतरतात; भ्रमणध्वनीवर तर बोट टेकविले की काम झाले. हे खरे आहे, आणि शंभर स्थळे भरावयाची असता कोणी एकेक अंक दाबीत बसावे असे मीही म्हणणार नाही. उतरवून घेतलेल्या आकड्यात बोटाची चूक होत नाही, हा त्या पद्धतीचा मोठाच गुण होय. तथापि ज्याने एकही वाटखूण स्वतः भरलेली नाही, त्याला मिनिट म्हणजे जमिनीवर किती, सेकंद म्हणजे किती, याचा अंदाजच येत नाही. मग चुकलेला आकडा त्याच्या डोळ्यांना खुपावा तरी कसा? म्हणून माझे मत असे आहे की, निघण्यापूर्वी निदान तीन वाटखुणा प्रत्येकाने स्वहस्ते भराव्यात: जेथून निघावयाचे ती, जेथे जावयाचे ती आणि परतीची वाट जेथे फुटते ती. भरल्यावर एकाने आकडे मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने कागदावर पाहावेत. मग नकाशा उघडून अंतर आणि दिशा यांचा मेळ बसतो की नाही ते तपासावे. नकाशा जुना असल्यास त्याच्या समासातील मजकूरही वाचावा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे पृथ्वीच्या आकाराचे एव्हरेस्ट यांनी बसविलेले माप धरून काढलेले आहेत आणि यंत्र बहुधा डब्ल्यू.जी.एस. ८४ हे माप धरते. माप बदलले की त्याच आकड्यांची जागा सरकते.

पडताळ्याची ही शिस्त आपल्या देशाला नवी नाही. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्टन यांनी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास हात घातला. साखळीने जमिनीवर एक रेषा मोजावयाची, तिच्या आधाराने कोन मोजीत त्रिकोणांची माळ शेकडो मैल पुढे न्यावयाची आणि पुढे पुन्हा एक रेषा प्रत्यक्ष मोजून गणिताने आलेल्या लांबीशी ती ताडून पाहावयाची. हे काम करीत असतानाच १८२३ मध्ये लॅम्टन आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निवर्तले. एका अंशाच्या लांबीसाठी त्या मंडळींनी आयुष्ये घालविली. आपल्याला पाच मिनिटे द्यावयाची आहेत.

आकड्याइतकेच नावही महत्त्वाचे आहे. यंत्र वाटखुणेला आपणहून ००१, ००२ अशी नावे देते आणि मुले ती तशीच ठेवतात. संध्याकाळी ००७ म्हणजे पाण्याचे टाके की कड्याकडे जाणारी फसवी वाट, हे कोणालाच आठवत नाही. कान्हेरीच्या शिलालेखांतील दाते आपल्या नावाबरोबर कल्याण, सोपारा असे गावही कोरून ठेवीत. मुंबईतून जकात २०१७ मध्ये गेली, तरी मुलुंडचा जकात नाका लोकांच्या बोलण्यातून गेला नाही. रानातल्या पाड्यांवरील वृद्धांना ओढ्याच्या प्रत्येक वळणाचे नाव ठाऊक असते. ते विचारून घ्यावे आणि वाटखुणेला तेच द्यावे.

खेळात चूक झाली, तर डबी सापडत नाही, एवढेच. परंतु पावसाळ्यात धुके उतरले, वाट मोडली आणि बरोबरच्याचा पाय मुरगळला, म्हणजे हेच आकडे दूरध्वनीवरून सांगण्याची वेळ येते. ११२ क्रमांकावर पोलिसांना अथवा लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकाला ते सांगावे लागतात. यंत्र ऐकते, बोलत नाही. बोलावयाचे ते आपणच. तुटक्या आवाजात ‘चोपन्न’ हे ‘छप्पन्न’ असे ऐकू गेले, तर रेखांशात दोन मिनिटांचा, म्हणजे साडेतीन किलोमीटरांचा फरक पडतो आणि शोधणारे दुसऱ्याच डोंगराला लागतात. म्हणून अंक सुटे सांगावेत: पाच, चार, दशांश चिन्ह, चार, एक. ऐकणाऱ्याकडून ते पुन्हा म्हणवून घ्यावेत. आकडे कोणत्या रूपात आहेत, तेही सांगावे. ज्याने हे घरी बसून कधीच केलेले नाही, त्याला ते भर पावसात, थरथरत्या हाताने साधेल, असे मला वाटत नाही.

आपल्या उपनगरांत डबी लपविण्याची मात्र अडचण आहे. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा लागू असलेल्या राष्ट्रीय उद्यानात मनास येईल तेथे शिरणे वा वस्तू ठेवणे योग्य नव्हे. रेल्वे स्थानकाजवळ ठेवलेली बंद डबी पाहून तर पोलिसांनाच पाचारण होईल! यावर एक तोड आहे. या खेळाचा अर्थकॅश नावाचा एक प्रकार २००४ पासून रूढ आहे. त्यात डबी नसतेच. आकडे घेऊन स्थळी जावयाचे आणि तेथील खडक पाहून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशा खेळासाठीच घडली असावी. सुमारे साठ मीटर उंचीचा, उभ्या स्तंभांचा हा काळा पाषाण ज्वालामुखीच्या काळात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाला आणि आज तो चहूकडून इमारतींनी वेढलेला आहे. उंच इमारतींवर आपटून येणाऱ्या संकेतांमुळे तेथे यंत्र जरा गडबडते. तेव्हा थोडे थांबून, चार-पाच वेळा नोंद घेऊन सरासरी काढावी. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. टेकडीचा कडा इतका उभा आहे की, पायथ्याशी उभ्या राहिलेल्या मुलाचे आणि माथ्यावर उभ्या राहिलेल्या मुलाचे अक्षांश-रेखांश जवळजवळ सारखेच येतात. तेव्हा तेथे आकड्यांच्या खाली, टीप लिहिण्याच्या रकान्यात, ‘वर’ की ‘खाली’ एवढा एक शब्द लिहावा लागेल.