संगणकाला चतुर्थी कोण सांगणार?

“मुलगा काय करतो?” या प्रश्नाला हल्ली अनेक घरांतून “संगणकावर काम करतो” एवढेच उत्तर मिळते. ते खोटे नसते, परंतु अपुरे असते. या क्षेत्रात पद्धती-विश्लेषक नावाचा एक व्यवसाय आहे. व्यापार चालविणारे आणि संगणकाची आज्ञावली लिहिणारे या दोघांच्या मध्ये तो उभा असतो. व्यवहार कसा चालतो हे एकाकडून समजून घ्यावयाचे व दुसऱ्यास नेमक्या शब्दांत लिहून द्यावयाचे, हे त्याचे काम. या व्यवसायाचे खरे भांडवल यंत्रविद्येपेक्षाही विचारपूस हे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या डिचोली तालुक्याचेच उदाहरण घ्या. येथील लोहखनिज ट्रकांतून मांडवीच्या धक्क्यावर, तेथून बार्जने मुरगाव बंदरात आणि पुढे जहाजाने परदेशी, असे अनेक दशके गेले. खाण, वजनकाटा, धक्का, बंदर अशा प्रत्येक ठिकाणी निराळी नोंद. या नोंदी जुळवून कोणता माल कोठे आहे हे सांगणे, हे पुरवठा-साखळीच्या सॉफ्टवेअरचे काम होय. वरवर पाहता ते सोपे वाटते. परंतु भिजलेले खनिज काट्यावर अधिक भरते. मग कोणते वजन धरावे? पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी असलेला वाळूचा पट्टा धोक्याचा होतो, तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारी नदीत उतरून मुरगाव गाठतात. दूरच्या शहरात बसून आज्ञावली लिहिणाऱ्यास हे कोण सांगणार? ते खलाशालाच विचारावे लागते.

दुकानदारीतही तोच न्याय. सन २०२४ मध्ये गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती. चतुर्थीची खरेदी सणाच्या आधीच्या दिवसांत होते. २०२४ च्या ऑगस्टच्या विक्रीवरून २०२५ च्या ऑगस्टचा माल मागविणाऱ्या यंत्राने ऐन सणात दुकान रिकामे ठेवले असते. गावच्या दुकानदाराला मात्र तिथी पाठ असते. त्याचे हे शहाणपण यंत्राच्या कानी घालणारा मनुष्य म्हणजेच विश्लेषक.

मोठमोठ्यांनाही येथे ठेच लागली आहे. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेटच्या कंपनीने १९९९ साली नवी संगणकीय पद्धती ऐन हंगामाच्या तोंडावर सुरू केली. माल तयार होता, गिऱ्हाईकही होते. तरीही सुमारे १० कोटी डॉलरांच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत. सण जवळ आला असता नवी घडी बसवू नये, हे आपल्याकडील कोणत्याही किराणा दुकानदाराने सांगितले असते!

कोणी म्हणतील की, आता यंत्रे स्वतःच विचार करू लागली आहेत, मग या मध्यस्थाची गरज ती काय? परंतु यंत्र शिकते ते नोंदलेल्या गोष्टींवरून. जे कोणी कधी लिहूनच ठेवले नाही, ते हमालाच्या, चालकाच्या, गोदामातील कारकुनाच्या अनुभवात असते. त्यांना न विचारता आखलेल्या पद्धतीचे ओझे शेवटी त्यांच्याच खांद्यावर येते. पडद्यावरचा आकडा आणि गोदामातील माल जुळला नाही की जाब त्यांनाच विचारला जातो. म्हणून हे काम केवळ पगाराचे नव्हे, न्यायबुद्धीचेही आहे.

विद्यार्थिमित्रहो, लाटंबार्शासारख्या गावात वाढलो म्हणून आपण मागे पडलो, असे मानू नका. गणित पक्के करा, मराठी व इंग्रजी स्वच्छ लिहावयास शिका आणि प्रश्न विचारण्याचा संकोच सोडा. येत्या चतुर्थीच्या बाजारात एखाद्या दुकानदारापाशी घटकाभर थांबून विचारा, “कोणता माल किती आणावा, हे तुम्ही कसे ठरविता?” त्याचे उत्तर घरी येऊन क्रमवार लिहून काढा. या विद्येचा पहिला धडा तोच आहे, आणि त्यासाठी संगणकाची मुळीच गरज नाही.