सेवापुस्तकाचं पहिलं पान तुम्ही कधी पाहिलंय का?

दर ३१ मेला आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत शाल-नारळांची रांग लागते. एकाच दिवशी एवढी माणसं रिटायर कशी होतात? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आमच्या पिढीतला निम्मा गाव १ जूनला जन्मलेला. आणि जन्मतारीख महिन्याची १ असली की नियमानं आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी घरी जायचं.

आता १ जूनला बायका काही ठरवून बाळंत होत नव्हत्या. जूनमध्ये शाळा उघडायची, गुरुजी पोराला उभं करायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पहिलीत. सहा वर्षं पुरी दाखवायची म्हणून तारीख १ जून. गुरुजींनी पोराचं भलंच केलं. त्याचा हिशेब ५० वर्षांनी होईल हे त्यांना काय ठाऊक!

हा विषय आज काढायचं कारण सांगतो. मी स्वतः आस्थापनेच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. आमच्या कचेरीच्या जीपवर एक ड्रायव्हर मामा होते. २०२५ च्या जानेवारीत ते माझ्या घरी आले. हातात तहसीलमधून काढलेली नक्कल. गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक. त्यात त्यांची जन्मनोंद डिसेंबर १९६७ ची, कोयनेचा भूकंप झाला त्यानंतरच्या आठवड्यातली. त्यांची आई कायम सांगायची, "भूकंपात तू पोटात होतास." शाळेत मात्र १ जून १९६७. भूकंपाच्या सहा महिने आधी.

"भाऊसाहेब, कागद खरा आहे ना? मग डिसेंबरपर्यंत नोकरी करू द्या की."

कागद खराच होता. पण मी त्यांना सांगितलं, मामा, उशीर झाला. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या नियमांत ३८ वा नियम आहे. १६ ऑगस्ट १९८१ नंतर नोकरीत आलेल्यानं जन्मतारखेची दुरुस्ती मागायची तर रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत. मामा १९९४ ला लागले. त्यांचं दार १९९९ लाच बंद झालं.

मॅटमध्ये जा म्हणणारे पुष्कळ भेटले त्यांना. पण कोर्टाचा कल काय आहे ते बघा. १९९३ च्या हरनाम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुमारे ३५ वर्षांनी आलेली मागणी फेटाळली. २०१० मध्ये महाराष्ट्र शासनाच्याच एका प्रकरणात तेच, नोकरीच्या शेवटाला तारखेची दुरुस्ती मागू नका. २०२१ मध्ये कर्नाटकातल्या प्रकरणात तर कोर्टानं स्पष्ट केलं की पुरावा भक्कम असला तरी दुरुस्ती हा हक्क म्हणून मागता येत नाही, उशीर एवढ्या एका कारणावरही अर्ज जाऊ शकतो. ड्रायव्हरचं सोडा. जनरल व्ही. के. सिंग देशाचे लष्करप्रमुख होते. सैन्याच्या एका शाखेत १० मे १९५०, दुसऱ्या शाखेत १० मे १९५१. सर्वोच्च न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०१२ मध्ये याचिका मागे घ्यावी लागली. निवृत्त कधी झाले? ३१ मे २०१२.

आणि खरं सांगू? पाच वर्षांचा नियम मला चूक वाटत नाही. संघटनावाल्या मित्रांना राग येईल, येऊ द्या. निवृत्तीला सहा महिने राहिले की काहींना अचानक आपला खरा जन्म आठवतो. ३० वर्षं न सापडलेला दाखला बरोबर तेव्हाच पेटीत सापडतो. आणि गंमत म्हणजे या नव्या तारखेनं माणूस नेहमी तरुणच होतो. दोन वर्षांनी म्हातारा झालेला अर्जदार मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. वर साहेबाला एक वर्ष वाढलं की खाली ज्याची बढती अडते त्याचा अर्ज कोण लिहिणार? दार कायम उघडं ठेवलं तर ज्याच्याकडे वकील आणि वशिला तोच आत जाईल. मामा तेव्हाही बाहेरच.

पण मग सरकारनंही आपली बाजू पाळायला नको का?

नियमच असा आहे की सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवायचं आणि पाहिल्याची सही घ्यायची. दाखवतं कोण? मी दाखवलं का? नाही. आज कबूल करतो. तपासणी आली की आम्ही पुस्तकांची चळत टेबलावर घ्यायचो, सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारायचो आणि शिपायाला सांगायचो, "सगळ्यांच्या सह्या घेऊन ये." मामांनी जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केलेली मला आठवते. पहिलं पान त्यांनी उघडलं नाही, आम्ही उघडू दिलं नाही. त्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं पेन्शनचे कागद तयार होताना.

म्हणजे बघा. उशीर मामांनी केला असं कागद म्हणतो. आणि त्या कागदावर सही घेतली मी. माझ्या कामचुकारपणाची मुदत कुठल्याच नियमात मोजली जात नाही. ती मामांच्या नावावर लागली. सात महिन्यांचा पगार गेला आणि १ जुलैची वेतनवाढही गेली. ३१ मे २०२५ ला त्यांनी जीपची चावी दिली, शाल घेतली आणि एस.टी.नं घरी गेले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. मुदत पाच वर्षांचीच ठेवा, पण ती मोजा पहिलं पान दाखवल्याच्या दिवसापासून. पहिल्या पानाची झेरॉक्स कर्मचाऱ्याच्या हातात द्या, पोच घ्या, आणि त्यावर मराठीत ठळक लिहा की तारीख चूक असेल तर अमुक दिवसापर्यंत अर्ज करा, नंतर ऐकलं जाणार नाही. पोच असेल तर शेवटच्या वर्षातला अर्ज खुशाल केराच्या टोपलीत टाका. पोच नसेल तर उशीर कचेरीचा धरा. पगाराची स्लिप मोबाईलवर येते, मग हे एक पान का येऊ नये? याला पैसा लागत नाही. लागते फक्त लाज.

कुणी म्हणेल, आता जन्मदाखले आलेत, हा प्रश्न संपला. १ ऑक्टोबर २०२३ पासून नवा कायदा लागू झाला, त्यानंतर जन्मलेल्यांना नोकरीसाठी जन्मदाखलाच लागणार, हे खरं. पण ती पोरं नोकरीला लागायला अजून १८-२० वर्षं आहेत. आज जे नोकरीत आहेत त्यांचं काय? आधारवर एक तारीख, दहावीच्या सर्टिफिकेटवर दुसरी, अशी तिशीतली पोरं मला रोज भेटतात. आधारच्या भरवशावर राहू नका, तो जन्मतारखेचा पुरावा धरता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये सांगितलंय.

तेव्हा जे नोकरीत आहात, विशेषतः पाच वर्षं व्हायची आहेत, त्यांनी या आठवड्यात आस्थापनेत जा. पहिलं पान बघा. फोटो काढा. चूक दिसली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाबू कुरकुर करेल. मीही केली असती. तरी हटू नका.

आणि पेन्सिलची फुली दिसली की सही करण्याआधी पान उलटा.

मामांना मी तेव्हाच माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब, तुम्ही तरी कुठं वाचलं होतं!"

हेच तर दुखणं आहे. पटलं तर तुमच्या कचेरीच्या ग्रुपवर टाका.